कन्व्हर्जन रेट

तर झालं असं, की मागच्या शनिवारी पुण्याहून निघालेल्या ट्रॅव्हल्सनं संध्याकाळी मला क्रांती चौकात उतरवलं. धाकटा भाऊ गाडी घेऊन येणार होता आणि नेहमीप्रमाणे 'पाच मिनिटांत पोचतो' म्हणून तो अजून घरातच होता. बॅग पायाशी ठेवून टपरीवर चहा घेतला. समोर उड्डाणपूल, २०२२ साली जुन्याच्या जागी आलेला महाराजांचा नवा उंच पुतळा, रिक्षावाल्यांची 'बाबा, बाबा, सिडको' अशी ओरड. आमचं औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर, पण जुनी जीभ वळायला वेळ लागतो) आहे तसंच होतं.

टपरीच्या पलीकडे एक साठीचे काका उभे होते. खांद्याला कापडी पिशवी, हातात छोट्या पुस्तिका. योहानाचं शुभवर्तमान, मराठीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते एकेक देत होते. मला काही उद्योग नव्हता, म्हणून मी मोजायला लागलो (सवय, दुसरं काय). अर्ध्या तासात एकतीस जणांपुढे हात केला, एकोणीस जणांनी पुस्तिका घेतली, पाच जणांनी वीस पावलांच्या आत टाकून दिली, एकानं तिच्यावर खारे दाणे ठेवून खाल्ले. काका जाऊन टाकलेल्या पुस्तिका उचलायचे, रुमालानं पुसायचे आणि परत पिशवीत ठेवायचे.

माझं ऑफिसातलं काम काय, तर वेबसाइटवर आलेल्या माणसांपैकी किती जण शेवटी पैसे भरतात ते मोजणं. त्याला आम्ही कन्व्हर्जन रेट म्हणतो. शब्दाचा विनोद तिथल्या तिथे सुचला आणि स्वतःशीच हसलो. मग न राहवून विचारलं, "काका, रोज असता का इथं?"

"शनिवारी. बारा वर्षं झाली."

"मग... कोणी येतं का नंतर? विचारायला वगैरे?"

"आला होता ना एक पोरगा. पैठण गेटला कसं जायचं विचारायला." ते मनापासून हसले. मग म्हणाले, "देणं माझ्याकडं. पुढचं त्याच्याकडं." आणि पुढच्या माणसापुढे हात केला.

भाऊ आला, आम्ही घरी गेलो. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. त्याचं खरं कारण शेवटी सांगतो. आधी इतिहास, कारण सवयीप्रमाणे रविवार त्यातच गेला.

सुरुवात या चौकातूनच करू. क्रांती चौक हे नाव १८५७ वरून आलं. इथं काळा चबुतरा आहे. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या मुलखात होतं आणि छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची हैदराबाद कंटिंजंट ही फौज होती. जून १८५७ मध्ये तिच्या घोडदळातले काही स्वार बिथरले. जनरल वुडबर्नची तुकडी नगरकडून चालून आली, झटपट खटले झाले, आणि काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी, अशा शिक्षा झाल्या. त्या वर्षी देशभरच्या शिपायांमध्ये जी भीती पसरली होती, तिचा एक मोठा भाग 'सरकार आपल्याला बाटवणार' हा होता.

आणि याच शहरात १८६० च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीचं काम सुरू झालं. पुढे ते ज्यांनी सांभाळलं, ते रतनजी नौरोजी हे पारशी घराण्यातून ख्रिस्ती झालेले गृहस्थ. जरा कल्पना करा. ज्या गावात लोकांनी तोफ पाहिलीय, तिथं बाजारात उभं राहून 'आमच्या प्रभूचं ऐका' म्हणायचं. ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न हाच येणार, की नाही ऐकलं तर काय कराल?

या प्रश्नाचं 'काही नाही' एवढं एकच प्रामाणिक उत्तर असतं. सांगणं आमच्याकडे, पुढचं आमच्या हातात नाही. त्या काकांचं वाक्य इथं वेगळंच वजन घेऊन येतं, असं मला वाटायला लागलं. परिणाम देवावर सोडणं ही प्रचारकाची स्वतःची समजूत असेलही, पण समोरच्या माणसासाठी ती एक हमी असते. माझ्याकडे तोफ नाही, आणि असली तरी मी वापरणार नाही, अशी.

पण बोलणं सोपं. माणसं खरोखर तसं वागली का? यासाठी आणखी मागं, मुंबईला जावं लागतं.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन तरुण ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले. बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डानं आदल्या वर्षी परदेशी पाठवलेल्या पहिल्या तुकडीतले हे दोघे. कलकत्त्याहून कंपनी सरकारनं हाकललेले. इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू, त्यामुळे अमेरिकन म्हणजे संशयित. मुंबईचा गव्हर्नर नेपियन मनानं बरा होता, पण वरून हुकूम होता की यांना परत पाठवा. दोघे गुपचूप कोचीनला पळाले, पकडून परत आणले गेले, अर्जामागून अर्ज करत राहिले. शेवटी राहायची परवानगी मिळाली आणि हॉल मराठी शिकायला बसला.

मग तेरा वर्षं. हॉल रस्त्यावर, बाजारात, देवळांपाशी मराठीत बोलायचा. शाळा काढल्या, छापखाना घातला, नव्या कराराचं मराठी भाषांतर करत राहिला. आणि बाप्तिस्मे? तेरा वर्षांत हाताच्या बोटांवर मोजायलाही बोटं उरावीत इतके. नॉट आजारी पडून लवकरच मायदेशी परतला. त्याच तुकडीतला सॅम्युअल न्यूएल नंतर मुंबईला येऊन मिळाला, त्याची बायको हॅरिएट १८१२ मध्येच वाटेत मॉरिशसला वारली होती. न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत कॉलऱ्यानं गेला. १८२५ मध्ये हॉलची बायको दोन मुलांना घेऊन प्रकृतीसाठी अमेरिकेला निघाली आणि त्यातलं एक मूल बोटीवरच वारलं.

मार्च १८२६. हॉल दोन पोरांना बरोबर घेऊन पुस्तकं वाटत नाशिकला गेला. तिथं कॉलऱ्याची साथ. पुस्तकं वाटली, जवळची औषधं संपेपर्यंत दिली आणि परत फिरला. दोडी-दापूर या गावी मुक्काम पडला. सिन्नर तालुक्यात, म्हणजे आपण नाशिक-पुणे रस्त्यानं झपकन मागं टाकतो त्या भागात. २० मार्चच्या पहाटे त्याला कॉलरा झाला आणि काही तासांत तो गेला. वय ४१. बरोबरच्या पोरांनीच कसंबसं दफन केलं, शवपेटीशिवाय. त्याच वर्षी मुंबईत मराठी नवा करार छापून पूर्ण झाला.

आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोजेक्ट तेरा वर्षं चालला, माणसं खर्ची पडली, आणि डॅशबोर्डवर आकडा शून्याच्या आसपास. याच तुकडीतला जडसन ब्रह्मदेशात गेला, त्यालाही पहिला बाप्तिस्मा द्यायला १८१३ ते १८१९ अशी सहा वर्षं लागली. मला यात विशेष वाटतं ते असं, की आकडा फुगवायचे मार्ग तेव्हाही होते. शाळेतल्या पोरांना, मिशनच्या नोकरांना, पदरी असलेल्या गरिबांना 'ख्रिस्ती' म्हणून दाखवणं अवघड नव्हतं. बॉस्टनमध्ये कोण तपासायला येणार होतं? तरी बॉस्टनला कळलं ते हेच, की माणसं अजून येत नाहीत.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? कर्म करा, फळाची आशा धरू नका, हे तर आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. मलाही आधी तसंच वाटलं. पण थोडा फरक आहे. गीतेचा भर करणाऱ्याच्या मनावर आहे, फळात अडकू नकोस. पौलानं करिंथच्या मंडळीला जे लिहिलं त्याचा भर वेगळा आहे. तिथं लोकांमध्ये भांडण लागलं होतं, आम्ही याचे चेले, तुम्ही त्याचे. पौलानं शेतातला दाखला दिला. एकानं लावलं, दुसऱ्यानं पाणी घातलं, वाढवणारा तिसराच, म्हणजे देव. इथं फळाची आशा सोडलेली नाही. उलट फळ हवंच आहे, त्यासाठी रडणं-तळमळणं आहे, फक्त ते आणायचा अधिकार आपला नाही. शेतकऱ्याला विचारा. पेरून झाल्यावर तो आभाळाकडे बघतो ते काही विरक्त होऊन बघत नाही.

आणि दुसरी गंमत म्हणजे आपला 'रामभरोसे' हा शब्द. काम टाकलं रामभरोसे, म्हणजे कुणी लक्ष देत नाही. हॉलनं काम देवभरोसे टाकलं नव्हतं. भाषा शिकला, शब्द घासूनपुसून भाषांतर केलं, कॉलऱ्याच्या गावात औषधं घेऊन गेला. देवभरोसे होता तो फक्त निकाल. या दोहोंत आपण फार घोटाळा करतो.

आता पुढची गोष्ट, जी मला सगळ्यात आवडते. १८२७ च्या डिसेंबरात याच अमेरिकन मराठी मिशनमध्ये सिंथिया फरार नावाची अविवाहित शिक्षिका आली. आधी मुंबईत, मग नगरला (आता अहिल्यानगर) तिनं मुलींच्या शाळा चालवल्या. लोक मुली पाठवायला तयार नसत, पाठवल्या तर लग्न ठरलं की काढून घेत. शाळेचा हेतू उघड होता, मुलींपर्यंत शुभवर्तमान पोचावं. त्या मापानं पीक मोठं आलं असं कुणी म्हणणार नाही.

पण १८४८ मध्ये पुण्याचा एक एकवीस वर्षांचा तरुण आपला मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे याच्याबरोबर नगरला ती शाळा बघायला आला. जोतीराव फुले. परत गेला आणि त्याच वर्षी पुण्यात त्यानं मुलींची शाळा काढली. फरारबाईंच्या शाळा पाहून हे मनात आलं, असं फुल्यांनी स्वतःच १८५३ साली सांगितलं आणि ते छापून आलं 'ज्ञानोदय'मध्ये, म्हणजे मिशननं १८४२ साली नगरला सुरू केलेल्या नियतकालिकात. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले त्यातले काही याच फरारबाईंकडे. आणि फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीनं लिहिलेला निबंध १८५५ साली कुठं छापून आला? पुन्हा 'ज्ञानोदय'मध्येच. आम्हाला कुठला धर्म आहे ते तरी सांगा, असा जाब विचारणारा तो निबंध आजही वाचला जातो.

फुले ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ साली त्यांनी स्वतःचा सत्यशोधक समाज काढला. फरारबाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या, म्हणजे त्यांनी सत्यशोधक समाजही पाहिला नाही. त्यांच्या अहवालात 'फुले' नावाचा रकाना कुठून असणार? पेरलं ते एका शेतात, उगवलं दुसऱ्याच बांधावर, आणि पीकही निराळं. याला यश म्हणायचं की अपयश, हे मला ठरवता येत नाही. कदाचित ठरवायचं काम आपलं नाही, एवढंच त्या वाक्यात असावं.

बरं, ही झाली निकाल न येण्याची गोष्ट. निकाल धो धो येतात तेव्हा काय? मला वाटतं खरी परीक्षा तीच. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळली. अशा वेळी मिशनच्या दारात माणसं येतात ती भुकेनं येतात की श्रद्धेनं, हे कसं कळणार? शेजारच्या तेलुगू मुलखात ओंगोल इथं जॉन क्लफ नावाचा अमेरिकन बॅप्टिस्ट होता. त्यानं दुष्काळात बकिंगहॅम कालव्याच्या खोदकामाचा ठेका घेतला आणि हजारो लोकांना काम दिलं. लोक बाप्तिस्मा मागत होते. त्यानं वर्षभराहून जास्त काळ बाप्तिस्मेच बंद ठेवले. धान्यासाठी कुणी ख्रिस्ती व्हायला नको म्हणून. मदत संपल्यावरच पुन्हा सुरुवात केली, आणि ३ जुलै १८७८ या एका दिवसात २,२२२ जणांना बाप्तिस्मा दिला गेला. टीकाकार म्हणतील, उपकाराचं ओझं तरी होतंच की. हो, होतं. संशय पूर्ण फिटत नाही. पण आकडा हाताशी असताना हात मागं घेणारा माणूस मला आमच्या इंडस्ट्रीत तरी अजून भेटलेला नाही. क्वार्टर संपत आल्यावर आम्ही काय काय करतो, ते न सांगितलेलं बरं.

आता या सगळ्याला असलेला मोठा आक्षेप. 'परिणाम देवावर' म्हणणं ही जबाबदारी झटकायची सोय तर नाही ना? प्रचारक बोलून पुढच्या गावाला जातो, आणि मागं घर फुटतं त्याचं काय?

हा प्रश्न घेऊन नारायण वामन टिळकांकडे जावं लागतं. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांना एक गोरा प्रवासी भेटला. गप्पा झाल्या, त्यानं नवा करार हातात ठेवला आणि तो उतरून गेला. त्याचं नाव टिळकांना कधीच कळलं नाही. टिळक त्या पुस्तकात गुंतले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठीला तिच्या अतिशय गोड ख्रिस्ती कविता मिळाल्या त्या या माणसाकडून. डब्यातला प्रवासी आपल्या वाटेनं गेला. क्रांती चौकातल्या काकांपेक्षाही कमी वेळ त्यानं घालवला असेल.

पण बिल आलं लक्ष्मीबाईंच्या नावावर. नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे त्या काळच्या ब्राह्मण बाईच्या आयुष्याचं काय झालं, ते 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे. न वाचणाऱ्यांनी हा लेख इथंच सोडून आधी ते वाचावं. काही वर्षं त्या टिळकांपासून वेगळ्या राहिल्या. नंतर एकत्र आल्या तेव्हाही आपला धर्म, आपलं सोवळं घेऊन आल्या. टिळकांसारखा तापट माणूस, धर्माच्या कामाला वाहून घेतलेला, आणि घरातच एक व्यक्ती जिला त्यांचं म्हणणं पटलेलं नाही. त्या काळी नवऱ्याच्या हातात किती सत्ता होती ते आपण जाणतो. तरी बाप्तिस्म्याची जबरदस्ती झाली नाही. लक्ष्मीबाई १९०० साली ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या विचारानं, स्वतःच्या वेळेला.

म्हणून माझ्यापुरतं उत्तर असं. निकाल देवावर सोडता येतो, झळ नाही सोडता येत. ज्याच्या घरात आपल्या शब्दानं उलथापालथ झाली त्याच्याजवळ थांबणं, हे पेरणाऱ्याचंच काम. डब्यातल्या प्रवाशाला ती संधी मिळाली नाही. टिळकांना मिळाली, आणि ते थांबले. पुढे १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही जिथं बसू शकतील असा. दोन वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात, ते गेले. दरबार त्यांच्यामागे फार वाढला नाही. असो, हाही एक निकालच.

आता ते खरं कारण. पुण्यात दीड वर्ष मी दर शनिवारी एका वस्तीत दहावीच्या मुलांचं गणित घ्यायचो. पहिल्या वर्षी अकरा मुलं, त्यातली दोन पास झाली. दुसऱ्या वर्षी सात मुलं आली आणि दिवाळीनंतर तीन उरली. मी एक्सेल शीट केली होती. रकाने भरून एका रविवारी बघितलं आणि ठरवलं, की या वेळेचा 'इम्पॅक्ट' काही दिसत नाही. मुलांना सांगितलं, ऑफिसचं काम वाढलंय. ते खोटं होतं.

उरलेल्या तिघांतली एक मुलगी शेवटच्या दिवशी म्हणाली, "सर, वर्तुळाचं प्रकरण राहिलं." मी 'बघू' म्हणालो. तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही. माझ्या शीटमध्ये तिचा रकाना रिकामा आहे, आणि तो रिकामा आहे याचा अर्थ मी 'शून्य' असा लावला होता. प्रोग्रामिंग शिकताना पहिल्या आठवड्यात सांगतात की रिकामं आणि शून्य एक नव्हे. ते मी कोडमध्ये कधी विसरत नाही.

मी देव मानतो का, हा प्रश्न मला नीट सोडवता आलेला नाही, आणि 'पुढचं त्याच्याकडं' हे वाक्य मला त्या काकांसारखं म्हणता येणार नाही. पण 'देणं माझ्याकडं' हा पहिला अर्धा भाग म्हणायला कुठल्या श्रद्धेची गरज पडत नाही. तो मी अर्धवट सोडून आलो होतो, दुसऱ्या भागाचं उत्तर मिळालं नाही म्हणून.

रविवारी रात्री परतीच्या बससाठी पुन्हा क्रांती चौकात आलो. काका नव्हते, ते शनिवारीच येतात. काळ्या चबुतऱ्याच्या बाजूला, फुटपाथच्या कडेला एक पुस्तिका पडलेली दिसली, पावसानं फुगलेली. उचलली. वाचली नाही, खरं सांगतो. पण रुमालानं पुसून बॅगेच्या कप्प्यात ठेवली.

येत्या शनिवारी वस्तीत जाऊन येणार आहे. वर्तुळाचं प्रकरण कुणाला हवंय का ते विचारायला. बहुधा कोणी नसेल.